मॉर्गन टिकली कशी? एका छोट्या मोटार कारखान्याचा ११० वर्षांचा हिशोब

मॉर्गनच्या मोटारीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: “तिची चासी लाकडाची असते म्हणे, खरं का?” खरं नाही. चासी आधी पोलादाची होती, आता ॲल्युमिनियमची आहे. लाकूड आहे ते चासीच्या वर आणि पत्र्याच्या आत. हा बारकावा नीट लक्षात आला, तर इंग्लंडमधल्या माल्व्हर्न गावचा हा छोटा कारखाना ११० वर्षं एकाच घराण्याच्या हातात कसा राहिला, याचा अर्धा उलगडा होतो. म्हणून सुरुवात लाकडापासूनच करतो.

महामार्गावर तुम्ही कधीतरी बसची नुसती चासी पळताना पाहिली असेल. पुढे इंजिन, मागे दोन लांब पोलादी तुळया, खाली चाकं, आणि उघड्यावर बसलेला, डोक्याला मफलर गुंडाळलेला ड्रायव्हर. ती चासी बॉडी बांधून घ्यायला निघालेली असते. आपल्या एसटीच्या लाल गाड्या वर्षानुवर्षं अशाच तयार झाल्या. चासी मोठ्या कंपनीकडून विकत घ्यायची आणि दापोडीसारख्या कार्यशाळेत तिच्यावर सांगाडा उभारून पत्रा चढवायचा. चालणारी गाडी वेगळी, तिच्यावरची बॉडी वेगळी.

मॉर्गनची रीतही हीच. खाली चासी, तिच्यावर ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाची चौकट, आणि त्या चौकटीवर बसवलेला पत्रा. बसच्या बॉडीत लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचे खांब असतात, त्या जागी इथे लाकूड. ॲश आपल्याकडे सहसा दिसत नाही, पण त्याचं लाकूड आपण पाहिलेलं असतं. क्रिकेटची बॅट विलोची, तसे चांगले स्टंप ॲशचे. गंमत म्हणजे झाड आहे जाई-जुई आणि पारिजातकाच्या कुळातलं. युरोपात कुऱ्हाडी-हातोड्यांचे दांडे पिढ्यानपिढ्या याच लाकडाचे होतात, कारण ते धक्का सोसतं, वाकतं आणि पटकन मोडत नाही. आमच्या गावचा सुतार बैलगाडीच्या चाकासाठी बाभूळच मागायचा, दुसरं लाकूड समोर ठेवलं तरी हात लावायचा नाही. माल्व्हर्नच्या सुतारांचं ॲशशी तसंच नातं आहे.

या लाकूडकामातली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. मागच्या चाकावर जी गोल कमान लागते, ती अखंड लाकडातून कोरत नाहीत. तशी कोरली तर रेषा आडव्या कापल्या जातात आणि कमान तिथेच तुटते. म्हणून ॲशच्या तीन पातळ पट्ट्या घेतात, त्यांना सरस लावतात आणि कमानीच्या आकाराच्या साच्यावर तिन्ही एकत्र वाकवून शिकंज्यांनी आवळून ठेवतात. सरस वाळला की पट्ट्या एकजीव होतात आणि साच्यातून काढल्यावरही वाक तसाच राहतो. लाकडाच्या रेषा कमानीबरोबर वळलेल्या असतात, त्यामुळे ताकद कुठेच तुटत नाही. या कामाला लागतो तो साचा, शिकंजे आणि हातातलं कसब. त्यातलं काहीही घ्यायला कोट्यवधींचं कर्ज काढावं लागत नाही.

मुद्दा इथेच आहे. आजच्या सर्वसाधारण मोटारीत चासी आणि बॉडी वेगळी नसते. पत्र्याचे दाबून घडवलेले शेकडो तुकडे वेल्डिंगने जोडून एकच कवच तयार होतं आणि तेच गाडीचा भार पेलतं. कवच हलकं असतं, मजबूत असतं, आणि लाखांनी गाड्या काढायच्या असतील तर स्वस्तही पडतं. पण प्रत्येक तुकडा दाबायला पोलादाची जड डाय, म्हणजे साचा लागतो, ती डाय दाबायला दुमजली घराएवढा प्रेस लागतो, आणि हा सगळा खर्च पहिली गाडी बाहेर पडण्याआधी करावा लागतो. समजा डाय आणि प्रेस मिळून १०० कोटी लागले. वर्षाला एक लाख गाड्या विकणाऱ्याला पाच वर्षांत तो खर्च गाडीमागे २,००० रुपये पडेल. वर्षाला ४०० गाड्या विकणाऱ्याला तोच खर्च गाडीमागे ५ लाख रुपये पडेल. आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, पण गणित खरं आहे. इंग्लंडमधल्या कितीतरी छोट्या मोटार कंपन्या या गणिताने बुडाल्या. मॉर्गनने ती वाट धरलीच नाही. लाकूड जुनं म्हणून किंवा सुंदर म्हणून टिकलं असं नाही. छोट्या कारखान्याला परवडणारी बॉडी बांधायची तीच रीत होती, म्हणून ते टिकलं.

आता माणसाकडे वळू. हेन्री फ्रेडरिक स्टॅन्ली मॉर्गन यांचा जन्म १८८१ चा, इंग्लंडच्या हेरफर्डशायर परगण्यातला. वडील धर्मोपदेशक. इंग्लंडमध्ये धर्मोपदेशकाच्या मुलाने पोथीपुराणात जावं अशी अपेक्षा असायची, पण या मुलाला यंत्रांची ओढ होती आणि वडिलांनी ती ओळखली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये अभियांत्रिकीचं शिक्षण आणि मग स्विंडनला ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी, असा त्याचा पाया घडला. रेल्वे सोडल्यावर त्याने माल्व्हर्न लिंक इथे गॅरेज काढलं आणि आसपासच्या गावांमध्ये मोटारबसही चालवून पाहिली.

१९०९ मध्ये त्याने स्वतःसाठी एक तीनचाकी बनवली. प्यूजोचं दोन सिलिंडरचं इंजिन, नळ्यांची हलकी चासी, एकट्यापुरती बसायची जागा. माल्व्हर्न कॉलेजच्या कार्यशाळेतल्या अभियांत्रिकी शिक्षकाची मदत झाली. विकायचा विचार तेव्हा पक्का नव्हता.

तीनचाकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रिक्षा येते, पुढे एक चाक आणि मागे दोन. मॉर्गनची उलटी होती, पुढे दोन आणि मागे एक. हा फरक मोठा आहे. गाडीला ब्रेक लावला की वजन पुढे झुकतं. वळणावर ब्रेक लावला तर ते पुढे आणि बाहेरच्या बाजूला झुकतं. रिक्षात नेमकं त्या कोपऱ्यात काहीच नसतं, कारण पुढचं एकमेव चाक मधोमध असतं. म्हणून जोरात वळताना ब्रेक मारला की रिक्षा कलते. मॉर्गनच्या रचनेत त्याच कोपऱ्यात चाक असतं आणि ते भार घेतं. शिवाय मागे एकच चाक असल्याने डिफरन्शियल लागत नाही, म्हणजे वळताना मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची पेटीच नको. साखळीने एक चाक फिरवलं की काम झालं. गाडी हलकी, म्हणून वेगवान, आणि सुटे भाग कमी, म्हणून स्वस्त.

पुढच्या चाकांसाठी मॉर्गनने जी युक्ती केली तीही अशीच थोडक्यातली. दोन्ही बाजूंना एकेक उभा खांब घट्ट बसवलेला. त्या खांबावर चाकाचा धारक वर-खाली सरकतो, वर-खाली स्प्रिंग असतात, आणि तोच धारक खांबाभोवती फिरतोही. म्हणजे खड्डा सोसणं आणि गाडी वळवणं, ही दोन्ही कामं एकाच खांबावर. डावं चाक खड्ड्यात गेलं तरी उजव्याला त्याची खबर नसते. १९०९ मध्ये बहुतेक मोटारींची पुढची दोन्ही चाकं बैलगाडीसारखी एकाच आसाला जोडलेली असायची, तेव्हाची ही रचना आहे. मूळ कल्पना तीच ठेवून मॉर्गनने ती शंभराहून जास्त वर्षं वापरली. मधल्या काळातल्या गाड्यांमध्ये पायाजवळ एक खटका असे, तो दाबला की इंजिनातलं थोडं तेल नळीतून त्या खांबावर उतरायचं. वंगण देणं हे मालकाचं नेमाचं काम होतं, देवापुढच्या समईत तेल घालावं तसं. गाडी मात्र गचके देत चालायची, स्प्रिंगांना फार जागाच नव्हती, आणि हे मॉर्गनचे मालकही मान्य करतात.

१९१० च्या लंडनमधल्या ऑलिम्पिया प्रदर्शनात ही गाडी मांडली. लोकांनी कौतुक केलं, पण एकटाच माणूस बसणार म्हणून मागणी बेताची आली. १९११ मध्ये दोघांची गाडी आली आणि चित्र पालटलं. हॅरॉड्ससारख्या दुकानाने ती आपल्या काचेच्या खिडकीत उभी केली. मागणी इतकी वाढली की मॉर्गनने मोठ्या कारखानदारांना “तुम्हीच बनवा” म्हणून विचारलं. सगळ्यांनी नकार दिला. मग गिऱ्हाइकांनी दिलेल्या आगाऊ रकमांतून त्याने यंत्रं घेतली, गॅरेजला खोल्या जोडल्या, आणि वडिलांनीही पैसा घातला. १९१२ मध्ये मॉर्गन मोटर कंपनी रीतसर नोंदली गेली. वडील अध्यक्ष झाले आणि मुलगा कारखाना पाहू लागला.

पुढची शंभर वर्षं कंपनीची जी तऱ्हा राहिली, ती याच वर्षांत ठरली असं मला वाटतं. इंजिन दुसऱ्याचं, भांडवल आगाऊ रकमांचं, आणि उरलेलं सगळं आपल्या हाताने. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हे आपण मुलांना सांगतो. या माणसाने कारखाना त्यावर चालवला.

१९१३ मध्ये फ्रान्समधल्या अमियाँ इथे हलक्या गाड्यांची शर्यत मॉर्गनने जिंकली आणि नाव सर्वदूर झालं. युद्ध संपल्यावर कारखाना गॅरेजमधून पिकर्सली रोडवरच्या मोठ्या जागेत सरकला. तो आजही तिथेच आहे.

तीनचाकीच्या यशामागे अभियांत्रिकीइतकंच कराचं गणित होतं, आणि ते कळल्याशिवाय ब्रिटिश मोटारींचा इतिहासच कळत नाही. १९२१ पासून ब्रिटनमध्ये मोटारीवर दर अश्वशक्तीमागे वर्षाला १ पाऊंड कर लागला. पण ही अश्वशक्ती प्रत्यक्ष मोजायची नव्हती, सूत्राने काढायची होती. सिलिंडरचा व्यास इंचांत घ्या, त्याचा वर्ग करा, सिलिंडरांच्या संख्येने गुणा आणि २.५ ने भागा. फोर्डच्या मॉडेल टीचा सिलिंडर पावणेचार इंच व्यासाचा. सूत्रात घातलं की साडेबावीस अश्वशक्ती येते, म्हणजे वर्षाला २३ पाऊंड कर. पिस्टन वर-खाली किती चालतो याचा सूत्रात पत्ताच नाही! म्हणून ब्रिटिश कारखानदार अरुंद आणि उंच सिलिंडरांची इंजिनं बनवू लागले. व्यास कमी ठेवला की कर कमी, आणि उंची वाढवून ताकद मिळवायची. एका सूत्राने अख्ख्या देशाच्या इंजिनांचा आकार ठरवला.

तीनचाकी मात्र या सूत्रातून सुटली. सुमारे ४०० किलोच्या आत वजन असलेली तीनचाकी कायद्याने मोटारसायकलींच्या रांगेत बसायची आणि तिला वर्षाला ४ पाऊंड पुरायचे. लग्न झालेला, साईडकारवाल्या मोटारसायकलला कंटाळलेला, पण मोटार न परवडणारा तरुण कामगार हा मॉर्गनचा हक्काचा गिऱ्हाईक झाला. पुढच्या बाजूला उघड्यावर चमकणारं दोन सिलिंडरचं इंजिन, मागे दोन माणसं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत यातल्या बहुतेक गाड्यांना रिव्हर्स गिअरही नव्हता. गाडी मागे घ्यायची तर उतरून ढकलायची.

मग दिवस फिरले. १९२२ मध्ये ऑस्टिन सेव्हन आली होती. छोटीशी, पण खरी चारचाकी, चार सिलिंडरची, बायकोमुलांना घेऊन जाणारी. तिचा कर ८ पाऊंड. वर्षं सरली तशा अशा गाड्या स्वस्त होत गेल्या. १९३५ मध्ये फोर्डची छोटी मोटार १०० पाऊंडांना मिळू लागली आणि त्याच वर्षी सरकारने कर दर अश्वशक्तीमागे १ पाऊंडावरून १५ शिलिंगांवर, म्हणजे पाऊण पाऊंडावर आणला. तीनचाकीची करातली बढत आटली. ज्या ज्या कंपन्या केवळ करातल्या फटीवर उभ्या होत्या, त्यांच्या पायाखालची वाळू सरकली.

मॉर्गनने १९३६ साठी पहिली चारचाकी बाजारात आणली आणि नाव ठेवलं ‘फोर-फोर’: चार चाकं, चार सिलिंडर. इंजिन कॉव्हेंट्री क्लायमॅक्सचं, म्हणजे पुन्हा विकतचं. चासी पोलादाच्या दोन तुळयांची, आणि त्या तुळया मागच्या आसाच्या खालून काढलेल्या, त्यामुळे बैठक जमिनीलगत आली. वर ॲशची चौकट. १९३८ मध्ये प्रुडन्स फॉसेट आणि जेफ व्हाइट यांनी हीच गाडी फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत पळवली आणि ती शेवटपर्यंत टिकली. तीनचाकी त्यानंतरही चालू राहिली, पण उतरणीला लागली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती आणि जो माल परदेशी विकेल त्यालाच पोलाद मिळायचं. छोट्या कारखान्यांनी अमेरिकेकडे तोंड वळवलं. मॉर्गननेही तेच केलं. १९५० ची प्लस फोर स्टँडर्ड कंपनीच्या व्हॅनगार्ड मोटारीचं इंजिन लावून आली. हे इंजिन आपल्याकडच्या जुन्या लोकांना अनोळखी नाही. व्हॅनगार्ड मोटारी मद्रासला जुळवल्या जात, आणि याच जातीचं इंजिन फर्ग्युसन ट्रॅक्टरमध्येही होतं. शेत नांगरणाऱ्या यंत्राचा भाऊबंद स्पोर्ट्स कारमध्ये बसवायचा आणि त्यावर शर्यती जिंकायच्या, ही मॉर्गनची खरी कला.

इंजिन दुसऱ्याचं घेण्यात जसा फायदा तसा धोकाही. देणाऱ्याने हात आखडला तर? स्टँडर्डने १९५० च्या दशकात मॉर्गन विकत घेण्याची तयारी दाखवली. इंजिनं त्यांचीच, म्हणजे नाही म्हणणं सोपं नव्हतं. तरी मॉर्गन पितापुत्रांनी नकार दिला. स्टँडर्डनेही इंजिनं देणं थांबवलं नाही. १९५९ मध्ये संस्थापक मॉर्गन वारले आणि मुलगा पीटर याच्याकडे कारभार आला.

पीटर मॉर्गन यांच्या कारकिर्दीतल्या दोन गाड्यांवर थांबायलाच हवं. पहिली प्लस फोरची शर्यतीसाठी सजवलेली आवृत्ती. नोंदणी क्रमांक टीओके २५८. १९६२ मध्ये ख्रिस लॉरेन्स आणि रिचर्ड शेफर्ड-बॅरन यांनी ती ल माँला नेली आणि दोन लिटरच्या गटात पहिली आणली. आजूबाजूच्या गाड्या माशासारख्या निमुळत्या, आणि ही पंचवीसेक वर्षं जुन्या घडणीची, बाहेर आलेले चाकांवरचे मडगार्ड, उभी काच. वारा कापण्यात ती कमीच पडणार. पण २४ तास न मोडता पळत राहणं हाही शर्यतीचाच भाग आहे आणि तिथे ती कमी पडली नाही.

दुसरी गाडी फसलेली आहे, आणि मला ती जास्त शिकवून जाते. १९६३ मध्ये कंपनीने प्लस फोर प्लस आणली. फायबरग्लासची, बंद छपराची, त्या काळातल्या गाड्यांसारखी गुळगुळीत. “मॉर्गन कधी बदलणार?” असं विचारणारे बरेच होते, त्यांच्यासाठीच जणू. पण विचारणारे वेगळे आणि विकत घेणारे वेगळे निघाले. चार वर्षांत २६ गाड्या गेल्या. एखादी कंपनी अशा गाडीवर सर्वस्व लावून बसली असती तर तिथेच संपली असती. मॉर्गनने तीच जुनी चासी खाली वापरली होती, प्रेस आणि डाय घेतलेच नव्हते, त्यामुळे ठेच लागली पण पाय मोडला नाही.

व्हॅनगार्डच्या इंजिनाचा वंश संपत आला तेव्हा पुन्हा शोधाशोध झाली. यावेळी रोव्हरकडे ॲल्युमिनियमचं साडेतीन लिटरचं व्ही-एट इंजिन होतं. मुळात ते अमेरिकेतल्या ब्यूइकचं. अमेरिकनांनी सोडून दिलेलं हे इंजिन रोव्हरने हक्क घेऊन आपलंसं केलं होतं. आठ सिलिंडरचं असून ते हलकं होतं, म्हणून मॉर्गनच्या नाजूक नाकात बसू शकलं. रोव्हरनेही आधी विचारलं होतं, कंपनी विकता का? पीटर यांनी नाही म्हटलं आणि इंजिन मात्र मागितलं. १९६८ मध्ये प्लस एट आली. १९३६ च्या घडणीत सुमारे १६० अश्वशक्ती. ही गाडी २००४ पर्यंत बनत राहिली, छत्तीस वर्षं.

इथे एक क्षण थांबून पाहावं. मॉर्गनला विकत घेऊ पाहणारी स्टँडर्ड १९६१ मध्ये लेलँडच्या पोटात गेली. रोव्हर पुढे ब्रिटिश लेलँडमध्ये विरघळली, त्या ब्रिटिश लेलँडला १९७५ मध्ये सरकारने ताब्यात घेतलं, आणि अनेक हात बदलून तिचा शेवटचा मोठा तुकडा एमजी रोव्हर म्हणून २००५ मध्ये दिवाळखोरीत गेला. जेन्सन १९७६ मध्ये बंद पडली. एमजीचा ॲबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला. ब्लॅकपूलच्या टीव्हीआरने २००६ मध्ये गाड्या बनवणं थांबवलं. या प्रत्येक कारखान्यात चांगले कारागीर होते, चांगल्या गाड्या होत्या. त्यांच्याविषयी वाचताना मला वाईटच वाटतं.

मॉर्गनलाही तडाखे बसलेच. सगळ्यात जोरदार अमेरिकेचा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथे धुराचे आणि सुरक्षेचे नियम कडक झाले. नियम पाळणं म्हणजे चाचण्या आल्या. मोठ्या कंपनीला तो खर्च लाखो गाड्यांवर वाटता येतो, छोटीला येत नाही. डायसारखंच हे गणित. मुख्य बाजारपेठ हातची जाऊ लागली. मग सॅन फ्रान्सिस्कोच्या एका विक्रेत्याने तोडगा काढला आणि गाड्या पेट्रोलऐवजी प्रोपेन वायूवर चालतील अशा करून दिल्या. पेट्रोलच्या धुराचे नियम प्रोपेनला लागू नव्हते. अशा रीतीने १९७० आणि ८० च्या दशकांत थोड्या का होईना, मॉर्गन अमेरिकेत जात राहिल्या.

आता त्या प्रसंगाकडे येऊ, ज्याच्यामुळे व्यवस्थापन शिकणारी मुलं आजही मॉर्गनवर वाद घालतात. १९९० मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमासाठी सर जॉन हार्वी-जोन्स माल्व्हर्नला आले. आयसीआय या अवाढव्य रसायन कंपनीचे ते माजी अध्यक्ष. त्यांनी पाहिलं ते असं: डोंगरउतारावर पायऱ्यांसारख्या बांधलेल्या विटांच्या शेड, आणि अर्धवट गाड्या कामगार हातांनी ढकलत एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये नेताहेत. बॉनेटवरच्या हवेच्या फटी एकेक करून पाडल्या जाताहेत. आठवड्याला नऊ-दहा गाड्या, आणि गिऱ्हाइकांची रांग कित्येक वर्षांची. त्यांचा सल्ला सरळ होता. किमती वाढवा, उत्पादन वाढवा, नवी यंत्रं आणा, ही रांग संपवा. इतकं गिऱ्हाईक दारात उभं असताना गाड्या न बनवणं त्यांना पटेना.

पीटर मॉर्गन आणि त्यांचा मुलगा चार्ल्स यांनी तो सल्ला जसाच्या तसा स्वीकारला नाही. प्रेक्षकांनीही घराण्याची बाजू घेतली आणि कार्यक्रमानंतर मागणी उलट वाढली.

बरोबर कोण होतं? माझं मत असं आहे. रांगेकडे हार्वी-जोन्स यांनी वाया जाणारा पैसा म्हणून पाहिलं. मॉर्गन घराण्याने तिच्याकडे धरणातला साठा म्हणून पाहिलं. स्पोर्ट्स कार ही गरजेची वस्तू नाही, मंदी आली की सर्वांत आधी तीच घ्यायची राहून जाते. पावसाळा चांगला आहे म्हणून धरणाचे सगळे दरवाजे उघडले आणि पुढच्या वर्षी पाऊस हुकला, तर काय प्यायचं? १९९० नंतर ब्रिटनमध्ये मंदी आलीच. दुप्पट उत्पादनासाठी कर्ज काढलेलं असतं तर हप्ते थांबले नसते. रांग असल्याने काही लोक गळाले तरी मागचे पुढे सरकले आणि कारखाना चालू राहिला. पण हार्वी-जोन्स यांचं अर्धं म्हणणं खरंही होतं. किंमत फार कमी ठेवली होती, कामाची मांडणी वेळखाऊ होती, आणि नव्या गाडीसाठी पैसा साठत नव्हता. पुढे चार्ल्स यांनी यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्या गतीने बदलल्या, उत्पादन हळूहळू वाढवलं आणि रांग आखूड केली. चाकांवरचे मडगार्डही बदलले. पूर्वी ते पत्रा ठोकून आणि जोडून घडवत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ॲल्युमिनियमचा पत्रा सुमारे ५०० अंशांपर्यंत तापवून हवेच्या दाबाने साच्यावर बसवायची पद्धत आली. या पद्धतीला एकाच बाजूचा साचा पुरतो, म्हणून ती छोट्या कारखान्याच्या खिशाला झेपते.

२००० मध्ये एरो एट आली. चासी ॲल्युमिनियमची, चिकटवून आणि रिव्हेट मारून जोडलेली. इंजिन बीएमडब्ल्यूचं व्ही-एट. पुढच्या चाकांना तो नव्वद वर्षांचा सरकता खांब नाही. चासी घडवण्यात ल माँवाले ख्रिस लॉरेन्स पुन्हा होते. दिवे मात्र फोक्सवॅगनच्या न्यू बीटलचे घेतले आणि डाव्याचा उजव्याला, उजव्याचा डाव्याला लावला. त्यामुळे गाडी नाकाकडे पाहिल्यासारखी चकणी दिसायची आणि लोकांनी फार टीका केली. पण नवा दिवा घडवायचा तर साचे आले, चाचण्या आल्या, प्रमाणपत्रं आली. तयार दिवा घेतला की हे सगळं त्या मोठ्या कंपनीने आधीच केलेलं असतं. पुढे मिनीचे दिवे लावले आणि चेहरा सुधारला. आणि एवढ्या आधुनिक चासीवरही बॉडीची चौकट ॲशचीच.

२०११ मध्ये तीनचाकी परत आली, यावेळी अमेरिकन व्ही-ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरचं इंजिन आणि माझ्दाचा गिअरबॉक्स घेऊन. घराण्यात मात्र तेढ वाढली होती. २०१३ मध्ये चार्ल्स मॉर्गन यांना आधी कार्यकारी पद आणि मग संचालकपदही सोडावं लागलं. २०१९ मध्ये इटलीच्या इन्व्हेस्टइंडस्ट्रियल या गुंतवणूक कंपनीने बहुसंख्य हिस्सा घेतला. घराण्याकडे थोडा हिस्सा राहिला. ११० वर्षांनी कंपनी घरच्या हातातून गेली ती दिवाळखोरीने नव्हे, चालू स्थितीत विकली गेली. विजेच्या गाड्या आणि कडक नियमांच्या काळात नवी चासी घडवायला जो पैसा लागतो, तो आगाऊ रकमांतून उभा राहण्यासारखा उरला नव्हता.

२०१९ च्या प्लस सिक्सपासून नवी चासी आली आणि २०२० मध्ये १९३६ पासून चालत आलेली पोलादी चासी थांबली. तिच्याबरोबर सरकता खांबही गेला. इंजिनं बीएमडब्ल्यूची, म्हणजे विकत घ्यायची रीत तेवढी तशीच.

लाकूडही राहिलं आहे. प्लस सिक्सच्या आणि २०२० च्या प्लस फोरच्या ॲल्युमिनियम चासीवर ॲशची चौकटच चढली, आणि तीन पट्ट्यांची ती कमान पिकर्सली रोडच्या सुतारशाळेत साच्यावर आवळली गेली. काळजी आता झाडाचीच आहे. ॲशला मारणारा बुरशीचा रोग युरोपभर पसरला आणि २०१२ मध्ये तो ब्रिटनमध्येही सापडला. पानं काळवंडतात, शेंड्यापासून फांद्या वाळत खाली येतात आणि बहुतेक झाडं काही वर्षांत मरतात. थोडी झाडं मात्र या रोगाला दाद देत नाहीत. वनशास्त्रज्ञ त्यांचं बी गोळा करून नवी रोपं वाढवताहेत. लाकूड कापण्याजोगा बुंधा व्हायला ॲशला अनेक दशकं लागतात.